ढाब्यावर घड्याळ थांबत नाही

आमच्या घरमालक काकांना फोनवर 'निघालो' असं सांगायची सोय नव्हती. आपण सगळेच सांगतो. अंगाला साबण लागलेला असतो, टॉवेल सापडत नसतो, आणि आपण खुशाल सांगतो, निघालो. काका लगेच पकडायचे. "निघालो म्हंजे? चप्पल घातली का? दाराले कुलूप लावलं का? का नुसते मनानं निघाले?" समोरचा चिडून फोन ठेवायचा आणि काका समाधानाने म्हणायचे, "पाह्य. अजून घरातच हाय." मी त्यांच्याकडे राहायला आले त्या दिवशी मलाही याचा प्रसाद मिळाला. गेट आठला बंद होतं, असं त्यांनी सांगितलं आणि मी बरं म्हटलं. मी इतक्या सहज बरं म्हटल्याचाच त्यांना राग आला. "आठ म्हंजे आठ वाजले की, का आठ वाजून गेले की? घड्याळ कोनतं, तुमचं का माह्यं? गेटापाशी पोचल्या तं चालन, का आत पाह्यजे?" खोल्या हवेशीर होत्या, नळाला पाणी होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

मी तेव्हा मेहकरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. म्हणजे पुस्तकं न वाचणाऱ्या पोरांपासून पुस्तकं जपायची नोकरी. वरच्या मजल्यावर मी, खाली काका, त्यांचा मुलगा आणि सून. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. "वेळेच्या आधी गेली," असं काका म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी ते दुःख होतं की तक्रार होती हे मला कधी कळलं नाही. मुलाचं बसस्टँडजवळ बी-बियाण्याचं, खताचं दुकान. तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. दमणं हे त्याचं आवडतं काम होतं.

काका बसस्टँडवर नियंत्रक होते. खिडकीमागे बसून गाडी कधी आली, कधी सुटली हे लिहायचं, आणि भोंग्यावरून ओरडायचं. नोकरी संपली तरी माणूस खिडकीतून उठला नव्हता. लग्नाच्या पत्रिकेत जी वेळ छापली असेल त्या वेळेला ते मंडपात हजर. आमच्याकडे त्या वेळेला मंडपात फक्त मंडपवाला असतो. काका त्याच्याशी गप्पा मारायचे, त्याच्याच हातावर आहेर ठेवायचे आणि घरी येऊन जेवायचे. नवरदेव अजून पारावर नाचत असायचा. "लग्न पाहिलं का काका?" असं मी विचारलं तर म्हणायचे, "छापेल लग्न पाह्यलं. नाचेल लग्न त्याइचं त्याइले लखलाभ."

आता असा माणूस रिटायर झाल्यावर काय करील? कोणी टीव्हीपुढे बसतो, कोणी देवळात बसतो, निदान शेजाऱ्यांच्या भानगडींत तरी बसतो. काका एका गेममध्ये जाऊन बसले. मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतला जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत पडून होता आणि त्यात एक फुकटचा गेम होता, कोण्या परदेशी माणसाने कधीकाळी बनवून सोडून दिलेला. डोंगरातल्या रस्त्याने बस न्यायची, थांब्याथांब्यावर माणसं उतरवायची, घाट चढून शेवटच्या गावी पोचायचं. बाकी काही नाही. ना बंदूक, ना राक्षस. तीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना पाहिल्या, त्याला स्वतः गाडी सोडायला मिळाली. मग काय, खुळावलाच तो.

हा गेम कमीत कमी वेळात कोण संपवतो याची जगभर चुरस असते, हे मला काकांमुळे कळलं. त्याला स्पीडरन म्हणतात. खेळताना पडद्याचं चित्रण करायचं, ते एका वेबसाइटवर पाठवायचं, पंचांनी तपासायचं, मग यादीत नाव लागतं. जगभर म्हणजे या गेमपुरती चाळीस-पन्नास रिकामटेकडी माणसं. पण भांडणं अशी, की एखाद्या ग्रामपंचायतीने शिकायला यावं. कोणी म्हणे वेळ बटण दाबल्यापासून मोजा, कोणी म्हणे गाडीचं दार लागल्यापासून. पंच व्हायला कोणी तयार नव्हतं. काकांनी नियमांबद्दल तिथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत इतकं काही लिहिलं, की लोकांनी कंटाळून त्यांनाच पंच केलं. जोडीला फिनलंडची एक बाई होती, तिकडे नर्स आहे म्हणे. काका तिला 'नर्सबाई' म्हणायचे. काकांचं म्हणणं इंग्रजीत उतरवून तिला पाठवायचं काम माझ्याकडे आलं. घर भाड्याने देताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

वेळ कधी सुरू होते यावर काकांनी निकाल दिला तो असा: चाक हललं की. बटण नाही, दार नाही, इंजिन नाही. "म्याडम, स्टँडवर डायवर बसला, इंजन सुरू झालं, घंटी बी मारली, तरी गाडी सुटली असं मी कधी लिहिलं नाई. कोनी तरी मांगून वरडतेच, थांबा हो, बुढी येऊन राह्यली. हिवरा आश्रमाच्या गाडीले तं दर खेपेले एक बुढी राह्यलेलीच असे. चाक हललं, तवाच गाडी सुटली." आणि वेळ संपते कधी? शेवटच्या प्रवाशाचे दोन्ही पाय जमिनीला लागले की. "एक पाय पायरीवर असन तं प्रवास चालू हाय." हे मात्र नर्सबाईला एकदम पटलं. एक पाय पायरीवर असलेली माणसं तिच्या दवाखान्यात बरीच येत असावीत.

आणखी एक वाद म्हणजे मध्येच गेम थांबवला तर काय. परदेशी पोरं म्हणत, गेम थांबला की घड्याळही थांबवा. काका उसळले. "गाडी ढाब्यावर थांबली म्हनून घड्याळ थांबते का? घरच्याइले तुमी उशिराच पोचता न?" ढाब्यावर घड्याळ थांबत नाही, हा नियम मी इंग्रजीत उतरवला. ढाबा म्हणजे काय, हे समजावायला एक परिच्छेद जास्तीचा गेला.

वर्गवारीचंही तसंच. काकांनी तिला एसटीचीच नावं दिली: साधी आणि विनाथांबा. साधीत प्रत्येक थांबा घ्यायचा, प्रत्येक माणूस उतरवायचा. विनाथांब्यात नुसतं पोचायचं. आता त्या गेममध्ये एक गंमत होती. घाटातल्या एका वळणावर गाडी विशिष्ट कोनात आपटली की ती जमिनीत घुसते आणि सरळ शेवटच्या गावी निघते. परदेशात या गोष्टीचं केवढं कौतुक! काकांना ते पाहूनच घाम फुटला. "म्याडम, गाडी पाताळातून गेली तं मधातले प्रवाशी कुठी गेले?" चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी व्याख्या ठरली, की रिकामी गाडी पाताळातून नेली तर पंचांची हरकत नाही, पण आत एक जरी माणूस बसलेला असेल तर गाडी रस्त्यानेच जाईल. त्यावर एका पोराने विचारलं, गेममधल्या माणसांची एवढी काळजी कशाला, ती खरी थोडीच आहेत? काका मला म्हणाले, "त्याले लिहा, तिकीट काढलं का? काढलं. मंग खरी हायेत."

मग एकाने चित्रण कापून जोडून पाठवलं आणि काकांनी ते पकडलं. त्या दिवसापासून नवा नियम आला. खेळताना माइक चालू ठेवायचा, खोलीतला सगळा आवाज चित्रणात यायला पाहिजे. आवाज तुटला की चोरी पकडली. हा नियम करताना काका भलतेच खूष होते. "सुरुवात ठरवा, शेवट ठरवा, मधातला आवाज आयका. मंग कोन्या बापाची ताकद नाई लबाडी करायची." त्या खुषीत त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, चहा टाक वं!"

ही हाक दिवसातून किती वेळा व्हायची, ते मोजायला मात्र जगात कोणी पंच नव्हता.

सून मोताळ्याकडच्या रोहिणखेडची. बी.एस्सी. झालेली, हसरी, हाताला चपळ. काका वळणं मारताना तोंडाने बडबडायचे, "डावीकडून कट मार, ब्रेक लावू नको, आता सोड," आणि ती मागून झाडत, पुसत ते ऐकायची. तिचा कॉलेजातला लॅपटॉप होता. एक दिवस स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ती मला म्हणाली, "ताई, कोनाले सांगू नका. मी बी खेळून राह्यली." मी म्हटलं, बरं आहे, खेळ की. तर म्हणाली, "तसं नाई. लय जोरात खेळून राह्यली. साधीत पह्यल्या नंबरापाशी आली."

मी विचारलं, कशाला गं हा ताप? पोळी उलटत ती म्हणाली, "या घरात माह्यं म्हनावं असं एक काम नाई, ताई. पोळी केली, खाऊन झाली. भांडं घासलं, पुन्हा खरकटं. दिवसभर करून राह्यली अन् संध्याकाळी पाह्यलं तं काहीच केलं नाई. तिथं एकदा नाव लागलं का लागलं. कोनी खाऊन टाकत नाई." मला तिचा एकदम कळवळा आला. मी ग्रंथपाल, माझ्या कामाचं तरी कुठे काय उरत होतं? पण मला निदान पगार होता.

तिने चित्रण पाठवलं ते 'रोहिणखेडची' या नावाने. काकांना ते इंग्रजी अक्षरांत दिसलं, शेवटचा 'ची' नजरेतून सुटला आणि केवढा आनंद! "म्याडम, लवकर खाली या! मोताळ्याकडचं पोट्टं दिसते कोनी. आपल्या जिल्ह्यातलं!" घरात रोहिणखेडची एक व्यक्ती रोज समोर ताट ठेवते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माणसाचं लक्ष जगाकडे असलं की असं होतं.

मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. मला सगळं ठाऊक होतं. गाडी सुटली. काय चालवली होती पोरीने! काका खुर्चीतल्या खुर्चीत वळणं घेत होते. "वा बे पोट्ट्या! पाह्य, पाह्य, ब्रेकले हात नाई लावला!" एकेक माणूस उतरत होता, दोन्ही पाय जमिनीला लागत होते, आणि गाडी पहिल्या नंबराच्या पुढे चालली होती. शेवटचा घाट राहिला होता. एवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"सूनबाई, चहा झाला का वं?"

काकांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "कोन आलं?" दारात कोणी नव्हतं. पडद्यावर गाडी घाटात मध्येच थांबली होती, 'पॉज' अशी अक्षरं आली होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, गॅस पेटल्याचा आवाज, आणि पुन्हा तोच माणूस, "साखर कमी टाकजो!"

"म्याडम," काका हळूच म्हणाले, "हा तं माहा आवाज हाय."

"हो काका. ओळखलात तुम्ही."

वाटलं, आता ते चित्रण बंद करतील. पण छे! पंच होते ना. ते पूर्ण पाहिलं. चहा उकळला, गाळला, कपात पडला. बाहेरच्या ओट्यावर कोणी तरी तो फुर्रकन प्यायला आणि म्हणाला, "कालच्यापेक्षा बरा झाला." पुढे पावलं वाजली, अक्षरं गेली आणि गाडी उरलेला घाट चढून गेली. शेवटच्या म्हातारीचे दोन्ही पाय जमिनीला लागले. चहा सोडून मोजलं तर जगात पहिली, चहासकट मोजलं तर तळाला.

नर्सबाईनेही ते पाहिलं होतं. तिने विचारलं, तो मागचा माणूस काय म्हणतोय? काकांनी तो भाग पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाले, "लिहा म्याडम. सासरा चहा मांगून राह्यला." लपवाछपवी नाही, हे मी मान्य करते. नर्सबाईने सुचवलं, एवढ्यापुरता नियम सोडू या. संध्याकाळी मुलगाही म्हणाला, "बाबा, घरचं मानूस हाय, देऊन टाका न." काका खवळले. "घरचं हाय म्हनूनच देता येत नाई बे! नियम मीच केला न?" आणि चहासकट वेळ लावून नाव तळाला टाकलं.

सून दारात उभी होती. "मी कुठं म्हनलं चुकलं म्हनून, मामाजी? ढाब्यावर घड्याळ थांबत नाई, मले पाठ हाय." आणि आत गेली. रडली नाही, भांडी आपटली नाहीत. नुसती ओट्यावरची शेगडी पुसत राहिली, पुसत राहिली. मला ते बघवेना.

मी काकांवर चिडले. भाडेकरूने घरमालकावर चिडू नये हे कळत होतं, पण राहवलं नाही. "काका, नियम तुमचा, चहा तुमचा, आवाज तुमचा. यात तिचं काय होतं? नुसतं नुकसान?"

"मले मालूम असतं तं मांगितला असता का मी?"

"मालूम कसं होईल? विचारलंत कधी, काय करून राहिली म्हणून?"

काका उठले आणि आठ वाजायच्या आतच गेट लावून आले. पुढचे कितीतरी दिवस घरात चहा मुकाट्याने व्हायचा. ते मागायचे नाहीत, ती न मागता आणून ठेवायची. त्याने काकांना जास्तच अपराधी वाटायचं, आणि मला मनातून बरं वाटायचं.

मग एका रविवारी जेवताना सून म्हणाली, "मामाजी, आज दुपारी मी बसनार हाव." बस. एवढंच. काकांनी मान हलवली आणि ताटातला घास तसाच ठेवून विचारलं, "दार लावून घेशीन न?"

दुपारी काका बाहेर ओट्यावर राखणीला बसले. मी जिन्यावर. थोड्या वेळाने काकांचे एक जुने ड्रायव्हर मित्र आले, जे साखरखेर्ड्याला बोलले तर मेहकरला ऐकू येतं. "काय साहेब, चहा-बिहा हाय का नाई?" काकांनी तोंडावर बोट ठेवलं. मग आत पाहिलं, मित्राकडे पाहिलं, आणि उठून स्वतः स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग गेले. हा सोहळा कसा सोडणार?

साखरेचा डबा त्यांना सापडेना. स्वतःच्या घरात. पोह्याचा उघडला, रव्याचा उघडला, मिठाची चिमूट तोंडात टाकून तोंड वाकडं केलं, शेवटी वाकून खाली पाहिलं तेव्हा तो सापडला. लायटर चालेना. चहा उतू जायला लागला तसे "अरे बाप्पा रे!" म्हणून ओरडले, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. सांडशी हातातून सुटून खाली पडली ती अशी, की ड्रायव्हर बाहेरून धावत आले. मी मदत करू शकले असते. पण पाहण्यात जास्त सुख होतं. तो चहा ड्रायव्हर प्यायले, आणि जाताना म्हणाले, सूनबाईची तब्येत बरी नाही का?

संध्याकाळी चित्रण पोचलं. सून पहिली आली होती. जगात. घाटाच्या टोकाला म्हातारीचे दोन्ही पाय लागले तेव्हा काकांनी खुर्चीच्या हातावर मूठ मारली. सून दारातच उभी होती, पदराला हात पुसत, पण आत येईना.

तेवढ्यात नर्सबाईचा निरोप आला. मागे भांडं पडल्याचा आवाज आहे, कोणी पुरुष ओरडतोय. खोलीत मदतीला कोणी होतं का?

काकांचा चेहराच उतरला. या स्पर्धांत आणखी एक नियम सगळीकडे असतो. खेळणाऱ्याचं काम दुसऱ्या कोणी केलं तर खेळ बाद. "म्याडम," काका म्हणाले, "चहा मी केला. तिचं काम मी केलं. ही मदतच झाली न?"

"काका, आता जास्त करू नका हं!" मी ओरडलेच. पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. पंच झाले की त्यांना माणसं दिसत नसत. हात बाद करायच्या बटणाकडे निघाला होता.

तेव्हा सून आत आली. पहिल्यांदा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. शांतपणे म्हणाली, "मामाजी, एक सांगा. चहा माह्यं काम होतं का?"

काका थांबले.

"माह्यं काम असन तं तुमी मदत केली. बाद करा, माही तक्रार नाई. पन माह्यं काम नसन, तं तुमी तुमचा चहा केला. मंग मदत कायची? तुमीच व्याख्या करा."

चाक कधी हललं, पाय कधी टेकले, निघालो म्हणजे काय, हे सगळं ठरवलेला माणूस एका कप चहात अडकला होता. एकदा तिच्याकडे पाही, एकदा पडद्याकडे. हो म्हणावं तर तिचं नाव जातं, नाही म्हणावं तर त्यांचा चहा जातो, तोही कायमचा आणि लेखी. मला वाटतं, उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. घरातला चहा आपोआप होतो, अशीच त्यांची समजूत होती.

मग ते खाकरले. "लिहा म्याडम. चहा करणे हे खेळणाऱ्याचे काम नाही. ज्याला प्यायचा, त्याचे आहे. स्वतःचा चहा स्वतः करणे याला मदत म्हणता येणार नाही. खेळ मंजूर."

मी लिहिलं. नर्सबाईने फिनलंडहून लगेच अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं, हा नियम मी माझ्या घरी छापून लावते आहे. यादीत पहिल्या जागी 'रोहिणखेडची' आलं. सूनबाई ते नाव बघत बसली. डोळे पुसले तिने, पण हसत होती.

मग गेट वाजलं. मुलगा दुकानातून आला, चपला भिरकावल्या, सोफ्यावर अंग टाकलं आणि डोळे मिटून म्हणाला, "लय दमलो वं. चहा टाक."

सून उठायला लागली. काकांनी पडद्यावरची नजर न हलवता तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"नियम लागू झाला बे," ते मुलाला म्हणाले. "उठ. साखर खालच्या फळीवर हाय."